आधी शून्य दाखवा

पाचव्या सोमवारी आबांचं वजन एकसष्ट किलो चारशे ग्रॅम भरलं. पहिल्या सोमवारी भरलं होतं तेवढंच, एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. माझ्या मते ही पेढे वाटायची गोष्ट होती. डॉक्टरबाईंनी मात्र आकडा बघितला, आबांकडे बघितलं, परत आकडा बघितला आणि मला म्हणाल्या, "तुम्ही जरा आत या."

मी सातवीच्या वर्गाला गणित शिकवते. आकडे आपल्या बाजूने असले की कुणाच्या बापाला घाबरायचं कारण नसतं, असं मी मुलांना सांगत आलेय. त्या दिवशी आकडे माझ्या बाजूने होते आणि तरी मला आत बोलावलं होतं. तिथून माझा गोंधळ सुरू झाला असं म्हणता आलं असतं. खरं तर तो पाच आठवडे आधीच सुरू झाला होता.

आबा म्हणजे माझे वडील. फलटणच्या बाजूला आमचं गाव, उसाचं रान. त्यांचा आवाज बसला तेव्हा सगळ्यांनी हळद-दूध सुचवलं. दोन महिने हळद-दूध झाल्यावर कळलं की घशाचा कॅन्सर आहे. ऑपरेशन नको, किरणांनी बरं होण्यासारखं आहे, पण पस्तीस वेळा यावं लागेल, सोमवार ते शुक्रवार, एक दिवस चुकवायचा नाही, असं ठरलं. भाऊ फौजेत, लांब सीमेवर. वहिनीच्या मागे दोन पोरं, चार जनावरं. मी राहते माधवनगरला, हॉस्पिटल सांगलीत, रिक्षाने वीस मिनिटं. म्हणजे आबांनी माझ्याकडे राहायचं, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

आबांना मात्र होतं. आमच्याकडे बाप लेकीच्या घरी येतो तो एका मुक्कामापुरता, तोही जावयाने दोनदा आग्रह केल्यावर. सात आठवडे राहायचं म्हटल्यावर त्यांनी आठ दिवस कुणाशी नीट बोलणं टाकलं. मग आले ते ज्वारीचं एक पोतं, गुळाची ढेप आणि स्वतःचा पितळी तांब्या घेऊन. माझ्या नवऱ्याचं किराणा दुकान आहे, घराच्या पुढच्या दोन खोल्यांत. किराणा दुकानात ज्वारीचं पोतं घेऊन येणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

"मामा, हे कशाला आणलं?" नवरा म्हणाला.

"असू द्या पावनं," आबा म्हणाले. "माझं मी खातो."

चौदा वर्षं झाली लग्नाला, आबा अजून त्याला पावनं म्हणतात.

आबांबद्दल अजून एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आबांचं निम्मं आयुष्य साखर कारखान्याच्या वजनकाट्यापुढे गेलंय. उसाची गाडी काट्यावर चढायच्या आधी ते खिडकीशी जाऊन उभे राहत आणि म्हणत, "आधी शून्य दाखवा." शून्य बघितल्याशिवाय त्यांनी कधी गाडी चढवू दिली नाही. मागे गाड्यांची रांग लागली, लोक ओरडले, तरी नाही. जगातला प्रत्येक काटा माणसाला लुटायला बसवलेला आहे अशी त्यांची ठाम समजूत. त्यात माझ्या नवऱ्याचाही काटा आला. लग्न ठरवायला आले तेव्हा बोलता बोलता त्यांनी अर्धा किलो साखर मागितली होती आणि ती घरी जाऊन मोजली होती. भरली, म्हणून मी माधवनगरला आले.

हॉस्पिटलात पहिल्या सोमवारी नर्सने त्यांना वजनाला उभं राहायला सांगितलं. आबा चपला काढून थांबले. बसक्या आवाजात म्हणाले, "आधी शून्य दाखवा."

नर्स हसली, पण तिने दाखवलं. मग ते चढले. एकसष्ट चारशे. आबांनी आकडा स्वतः वाचला, मला वाचायला लावला, मग उतरले.

डॉक्टरबाई माझ्याहून लहान असतील, पण बोलायला स्वच्छ. त्या म्हणाल्या, "आबा, एकच काम तुमच्याकडे. वजन सांभाळायचं. घसा दुखेल, गिळवणार नाही, तरी खायचं. वजन उतरलं की गळा बारीक होतो, मास्क ढिला होतो, मग सगळं परत मांडावं लागतं."

मास्क हा प्रकार मी तोवर पाहिला नव्हता. भोकाभोकांचं पांढरं प्लास्टिक गरम पाण्यात मऊ करतात आणि चेहऱ्यावर, गळ्यावर, खांद्यांवर ओढून बसवतात. पाच-दहा मिनिटांत ते कडक होतं आणि माणसाचा हुबेहूब साचा तयार होतो. रोज तोच साचा घालून, तो पलंगाला अडकवून आबांना निजवायचे. आबांचं नाक, आबांची हनुवटी, आणि आत डोळे मिटलेले आबा. पहिल्या दिवशी मी दारातून बघितलं. नंतर मी दारातून बघायचं सोडलं.

मशीन लगेच किरणं सोडत नाही. आधी ते आबांभोवती एक फेरी मारतं आणि गळ्याच्या आतलं त्या दिवसाचं चित्र घेतं. बाहेर टेक्निशियन बाई ते चित्र पहिल्या दिवशीच्या चित्रावर ठेवून बघतात. जुळलं तर ठीक. केसभर सरकलेलं असेल तर पलंग केसभर सरकवतात. मगच किरणं. हे डॉक्टरबाईंनी मला सांगितलं तेव्हा मी विचारलं, "रोज कशाला? माणूस तोच आहे ना?"

"माणूस तोच, शरीर रोज तेच नसतं," त्या म्हणाल्या. "गाठ लहान होते, सूज येते, माणूस वाळतो. पूर्वी पहिल्या दिवशी प्लॅन केला की शेवटपर्यंत तोच चालायचा. आता रोज बघतो आणि लागलं तर प्लॅनच बदलतो."

हे माझ्या डोक्यावरून गेलं. माझ्या विषयात बरोबर उत्तर एकच असतं. ते पुढच्या आठवड्यात बदलणार असेल तर ते आज बरोबर कसं? मी हे बोलून दाखवलं नाही, पण घरी आल्यावर नवऱ्याशी तासभर त्यावरून वाद घातला. त्यालाही काही कळलं नव्हतं, तो नुसता वाद घालत होता.

आबांना मात्र कळलं. ते कॉटवर बसून आमचं ऐकत होते. म्हणाले, "अगं, दारं धरण्यागत हाय त्ये. पाटाचं पाणी आपल्याच सरीत जायाला पायजे. रोज बघावं लागतंय, बांध कुठं खचला का. खचला तर पाणी शेजारच्या रानात."

मग घसा दुखायला लागला म्हणून ते गप्प बसले. माझं समाधान झालं नाही, पण रानात उभं राहून पाणी फिरवणाऱ्या माणसापुढे मी काय बोलणार?

मी एका कामाला लागले. वजन. एकच काम दिलं होतं आणि ते मी करून दाखवणार होते. शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. नाचणीची आंबील, मुगाचं कढण, तुपातला पातळ शिरा, भाकरी दुधात कुस्करून, ती कुस्करलेली भाकरी पुन्हा मिक्सरमधून काढून. तिसऱ्या आठवड्यात गळा बाहेरून भाजल्यासारखा काळा पडला, पाणी गिळताना आबा डोळे गच्च मिटायला लागले. तेव्हा मी प्रत्येक पदार्थ दोनदा गाळायला लागले. आबा म्हणाले, "माझ्या समोर बसू नगंस. मी माझ्या येळानं खातो." वाटी घेऊन ते मागच्या परड्यात जाऊन बसायचे. अर्ध्या तासाने वाटी चाटून पुसून स्वच्छ परत यायची. मला केवढं बरं वाटायचं ते. नवऱ्याच्या ताटात चार घास राहतात, आणि घसा सोलून निघालेला माझा बाप वाटी स्वच्छ करतो.

आणि सोमवारी वजन. एकसष्ट दोनशे. एकसष्ट पाचशे. एकसष्ट चारशे.

दर सोमवारी घरी आल्याआल्या मी वहिनीला फोन लावायचे. आबा समोर कॉटवर बसलेले असायचे. "एकसष्ट पाचशे," मी मोठ्याने सांगायचे. "अगं, इथले बाकीचे पेशंट बघवत नाहीत, नुसती हाडं राहिलीत. आबांचं शंभर ग्रॅम वाढलंय." वहिनी म्हणायची, "तुमच्या हातचं मानवलं म्हणायचं ताई." मी वरून म्हणायचे, "छे गं, त्यात काय." पण मला ते ऐकायचंच असायचं. वहिनीचं आणि माझं वाकडं काही नाही. पण आबा आजारी पडले ते तिच्या घरी आणि बरे होणार ते माझ्या घरी, हे कुठेतरी माझ्या मनात होतं. आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

त्याच दिवसांत दुकानात एक चमत्कारिक प्रकार सुरू झाला. नवऱ्याने इलेक्ट्रॉनिक काटा आणल्यापासून जुनी लोखंडी वजनं निवृत्त झाली होती, पण प्रत्येकाला काहीतरी काम दिलेलं होतं. अर्धा किलोचं बिलांवर ठेवलेलं असायचं. किलोची दोन पापडाच्या पाकिटांवर. दोन किलोचं साखरेच्या पोत्यावरच्या ताडपत्रीवर, दोनशे ग्रॅमचं असंच ड्रॉवरमध्ये. त्यातलं अर्ध्या किलोचं दिसेनासं झालं. पुढच्या आठवड्यात एक किलोचं. मग दुसरं किलोचं.

"तू घेतलंस का?" नवरा मला विचारायचा.

"मला लोखंड खायचं आहे का?" मी म्हणायचे. मी दिवसभर गाळण्या घासत होते आणि याला वजनं सुचत होती.

आणखी एक गोष्ट मी बघितली आणि सोडून दिली. गल्लीतलं तांबडं कुत्रं आमच्या परड्याच्या फाटकाशी ठाण मांडून बसायला लागलं होतं. आधी त्याच्या बरगड्या मोजता यायच्या. आता ते चांगलं गुटगुटीत झालं होतं. मी त्याला हाकललं, एवढंच.

तर पाचव्या सोमवारी डॉक्टरबाईंनी मला आत बोलावलं. संगणकावर आबांच्या गळ्याची दोन चित्रं एकावर एक ठेवलेली होती. हिरवी रेघ पहिल्या दिवसाची, गुलाबी रेघ शुक्रवारची. गुलाबी रेघ सगळीकडून आत गेली होती. मास्कच्या आणि कातडीच्या मध्ये बोट जाईल एवढी फट होती.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "बुधवारपर्यंत पलंग सरकवून जुळवत होतो. शुक्रवारी कसंबसं जुळलं. आज त्याच प्लॅनवर द्यायचं नाही असं मी ठरवलंय. गळा एवढा बारीक झालाय की लाळेच्या ग्रंथी आत सरकल्यात. मागे मज्जारज्जू आहे, त्याच्या बाजूलाही डोस वाढायला लागलाय. नवा मास्क, नवा स्कॅन, नवा प्लॅन करावा लागेल."

"गाठ लहान झाली म्हणून असेल," मी म्हणाले.

"गाठ लहान झालीच आहे. ती चांगली गोष्ट. पण हे मांस गेलंय, चरबी गेलीय. हे चांगलं नाही."

एकाच चित्रात लहान होणं चांगलं आणि लहान होणं वाईट. मी रेघांकडे बघत राहिले. हिरवी कुठली आणि गुलाबी कुठली हेही मला एक क्षण उलगडेना.

"आणि वजन तर तेवढंच आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हेच मला समजत नाहीये. गळा असा बारीक व्हायला पाच-सहा किलो तरी उतरायला हवेत."

मग मी चिडले. चिडायचं काहीच कारण नव्हतं, पण मला गोंधळलं की चिडता येतं. म्हणाले, "तुमच्या मशीननं दुसऱ्याच कुणाचं चित्र काढलं असेल. काटा खोटं कशाला बोलेल?" हे वाक्य बोलताना मला क्षणभर वाटलं की आबा ऐकतील तर काय म्हणतील. जन्मभर ज्या माणसाने कुठल्या काट्यावर विश्वास ठेवला नाही, त्याची लेक काट्याची वकिली करत होती. पण वजन आमच्या बाजूचं होतं. ते माझ्या पाच आठवड्यांच्या गाळण्यांचं वजन होतं, आणि एक मशीन म्हणत होतं की ते नाहीच.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी आबांना आत घेतलं, पायावर अंगठा दाबून सूज आहे का बघितली. नव्हती. डोळ्यांखाली बघितलं. फाईलवरचं नाव, मशीनमधलं नाव, चित्रावरचं नाव टेक्निशियन बाईंकडून पुन्हा तपासून घेतलं. सगळं आबांचंच होतं. आबा या सगळ्या वेळात भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"आबा, आता नव्या स्कॅनसाठी गाऊन घालायचाच आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तर गाऊनवरच एकदा परत वजन करू."

आबा कपडे बदलायच्या खोलीत गेले. रोज ते एकटेच जात, मास्कसाठी कपडे काढायचे असत. त्या दिवशी त्यांना फार वेळ लागला. मग ते आले. हिरवा गाऊन, खाली उघड्या नडग्या. घरात मी त्यांना रोज बघत होते, पण नेहरू शर्टात आणि धोतरात. त्या नडग्या मी बघितल्याच नव्हत्या.

ते काट्यापाशी आले आणि थेट चढले. शून्य दाखवा म्हणाले नाहीत.

छप्पन्न किलो दोनशे ग्रॅम.

नर्सला वाटलं काटा बिघडला. तिने स्वतः चढून बघितलं, उतरून शून्य बघितलं, परत आबांना चढवलं. छप्पन्न दोनशे. मी आबांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी कपडे बदलायच्या खोलीत गेले. बाकावर त्यांचे कपडे नीट घडी करून ठेवले होते आणि त्यांवर बंडी. बंडी उचलायला गेले तर ती येईना. दोन्ही खिशांत एकेक किलो. खाली पंचा, कमरेला बांधून बांधून चुरगळलेला. त्याच्या घडीत दोन किलोचं, अर्ध्याचं आणि दोनशेचं. प्रत्येकावर माझ्या नवऱ्याने दुकानाची खूण म्हणून लावलेला निळ्या रंगाचा ठिपका होता.

तिथे त्या बाकावर बसून मी गणित केलं. एकसष्ट चारशेतून छप्पन्न दोनशे गेले, राहिले पाच किलो दोनशे. त्यात लोखंड चार किलो सातशे. उरलेले पाचशे ग्रॅम म्हणजे कपडे. उत्तर तंतोतंत आलं. सातवीतल्या कुठल्याही पोराने सोडवलं असतं. मला पाच आठवडे लागले, कारण मी उदाहरण वाचलंच नव्हतं.

डॉक्टरबाईंनी ती वजनं बघितली. मग त्या हळूच म्हणाल्या, "रोज चित्र घेतो म्हणून कळलं. नुसत्या वजनावर राहिलो असतो तर मी प्लॅन तसाच चालू ठेवला असता." एवढंच. मला त्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

ओरडण्याचं काम मी केलं. रिक्षात. पाच किलो लोखंडाची पिशवी मांडीवर घेऊन.

"आबा, तुम्हाला मरायचं आहे का? त्या बाईंनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली होती. काय वाटलं तुम्हाला, वजन उतरलं तर परत पाठवतील? हा कारखाना आहे का?"

"न्हाई," आबा म्हणाले.

"मग?"

त्यांना बोलायलाही दुखत होतं आणि मी त्यांना बोलायला लावत होते.

"गिळवत न्हाई पोरी. तिसऱ्या आठवड्यापासनं न्हाई. तू एवढं करतीस, मग त्ये कुत्र्याला घालायचो. तवा वजन तर उतरणारच." त्यांनी घसा सांभाळत आवंढा गिळला. "पावनं अंघुळीला गेलं की दुकानातल्या पोती मोजायच्या काट्यावर हुबा ऱ्हायचो. जेवढं कमी तेवढं लावायचं."

"पण का?"

"दर सोमवारी कागदावर लिवत्यात. ती फाईल उद्या गावाकडं यील. लोक वाचतील. लेकीच्या घरी बाप गेला आन् वाळून आला." मग म्हणाले, "आन् तू फोनवर सांगत हुतीस. तुझ्या तोंडावर किती बरं वाटायचं त्ये. म्हटलं, सोमवार-सोमवार हाय, निघून जातील."

मी रिक्षावाल्याला विनाकारण जोरात म्हणाले की पुढचा खड्डा चुकवा. खड्डा नव्हता. मला तेव्हा काय वाटत होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. राग आबांचा होता की माझा, हे ठरेना. त्यांना गावाची भीती होती हे खरं. पण गाव फलटणला होतं. माधवनगरला त्यांच्यासमोर बसून आकडा मोठ्याने वाचणारी मी होते. लोखंड त्यांनी कमरेला बांधलं होतं, पण मागणी माझी होती. मी रडले. आबांनी पिशवी माझ्या मांडीवरून काढून स्वतःच्या मांडीवर घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या नाकातून नळी घातली. आता जे करायचं ते पातळ करून, गाळून, नळीतून हळूहळू सोडायचं. चव लागायचा प्रश्नच नव्हता. तरी मी आंबिलीत मीठ बघायचे. नवा मास्क झाला, पहिल्यापेक्षा बारीक. जुना हॉस्पिटलवाल्यांनी आम्हाला दिला, न्यायचा असला तर न्या म्हणाले. दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा मला प्लॅन का बदलतात ते पहिल्यांदा थोडंसं कळलं. दोन्ही आबाच होते, आणि एकाच्या मापाचं दुसऱ्याला चालणारं नव्हतं. तीन दिवस किरणं बंद राहिली, नवा प्लॅन बसला, मग पुन्हा रोजची फेरी, रोजचं चित्र. आधीच्या दिवसांत काही बिघडलं का, असं मी विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, धोक्याची रेघ ओलांडली नव्हती. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं, तरी मला ते पुरेसं वाटलं नाही.

त्या पाचव्या सोमवारी घरी आल्यावरही मी वहिनीला फोन लावला होता. आबा कॉटवर होते. मी म्हणाले, "पाच किलो उतरलंय. माझ्याकडे आल्यापासून उतरत होतं, मला कळलं नाही." वहिनी म्हणाली, "ताई, आमच्याकडं असते तर दहा उतरलं असतं. गिळवत न्हाई त्याला कोण काय करणार? तुमी जेवता का?"

मी ह्या बाईला पाच आठवडे आकडे सांगत होते. कशासाठी ते मला त्या क्षणी आठवेना.

आबा गावी गेले तेव्हा पंचावन्न किलोंचे होते. नळी निघाली होती, पेज जात होती. निळ्या ठिपक्याची वजनं नवऱ्याने मुकाट्याने जागच्या जागी ठेवली. त्याने आबांना एका शब्दाने विचारलं नाही, फक्त पोत्यांच्या काट्यावर एक गोणपाट टाकून ठेवला. तांबडं कुत्रं आणखी महिनाभर फाटकाशी येऊन बसत होतं.

तीन महिन्यांनी तपासणीला बोलावलं होतं. आबा फलटणहून एस.टी.ने थेट हॉस्पिटलात आले, घरी न येता. मी हॉस्पिटलच्या फाटकाशी वाट बघत होते. खांद्यावर ज्वारीचं पोतं, या वेळी अर्धं. मी पोत्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. स्कॅन झाला. डॉक्टरबाई म्हणाल्या, सध्या काही दिसत नाही. सध्या म्हणजे किती, हे मी विचारलं. त्यांनी समजावून सांगितलं आणि मला अजूनही नीट समजलेलं नाही. रोज बदलणाऱ्या शरीराबद्दल कायमचं काही सांगता येत नाही, असं काहीतरी होतं ते.

मग वजन. नर्स तीच होती. आबा काट्यापाशी गेले, चपला काढल्या. नेहरू शर्ट काढून माझ्या हातात दिला. बंडीचे दोन्ही खिसे बाहेर ओढून उलटे केले, नर्सला दाखवले, डॉक्टरबाईंना दाखवले, मग मला दाखवले. खिशांतून तंबाखूचा चुरासुद्धा पडला नाही.

"आधी शून्य दाखवा," ते म्हणाले. आवाज थोडा उघडला होता.

नर्सने दाखवलं. आबा चढले. सत्तावन्न किलो शंभर. त्यांनी आकडा स्वतः वाचला, मला वाचायला लावला. डॉक्टरबाईंनी पेन उचललं तसा त्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"त्याच्यापुढं आजून एक लिवा," आबा म्हणाले. "हे लेकीच्या घरी जायाच्या आधीचं हाय. आता पंधरा दिस तिच्याकडं ऱ्हाणार हाय मी. मग परत मोजायचं."